बोटॉक्स, फिलर, लेझर: सुई धरणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे ठाणे-नवी मुंबईत कसं तपासायचं

घोडबंदर रोडवर पातलीपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत एक फेरी मारा. 'स्किन क्लिनिक', 'एस्थेटिक स्टुडिओ', 'लेझर अँड स्लिमिंग सेंटर' असे बोर्ड मोजता मोजता कंटाळाल. वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, सीवूड्सला, खारघरला तेच. तुळशीचं लग्न उरकलं की 'ब्रायडल ग्लो'च्या ऑफर सुरू होतात आणि नवरीबरोबर तिची आई, मावशी, हल्ली नवरदेवसुद्धा रांगेत असतो. आत गेल्यावर भिंतीवर चौकटीतली सात-आठ सर्टिफिकेटं, पांढरा कोट, गोड बोलणं. यातलं काय खरं धरायचं?

आधी कायद्याची जागा समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्या सोप्या जातील. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' किंवा 'एस्थेटिशियन' नावाचं वेगळं सरकारी लायसन्स भारतात नाही. त्यामुळे 'सर्टिफाइड कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी कायद्याच्या लेखी काहीच सांगत नाही. पण म्हणून कुणीही सुई उचलावी असंही नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार राज्य किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेल्यालाच वैद्यकीय व्यवसाय करता येतो. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्रात याशिवाय १९६१ चा वैद्यक व्यवसायी अधिनियम आहे. बोगस डॉक्टरांवर पोलीस गुन्हे नोंदवतात ते बहुतेक त्याच्या कलम ३३ खाली. ब्रिटनमध्ये आजवर डॉक्टर नसलेली माणसंही उघडपणे फिलर टोचत आली, म्हणून तिथे २०२२ च्या कायद्याने लायसन्स आणण्याची तरतूद केली. आपल्याकडे दार कागदावर बंदच आहे. फक्त दारावर कुणी उभं नाही, म्हणून तपासणी आपल्यालाच करावी लागते.

पायरी १: तुमची ट्रीटमेंट पार्लरची की दवाखान्याची?

कायद्यात ट्रीटमेंटची यादी दिलेली नाही, त्यामुळे 'हे चालतं का, ते चालतं का' यावर वाद घालत बसायला जागा राहते. मी एक साधी कसोटी लावतो. त्वचा फुटणार आहे का, भाजू शकते का, किंवा शरीरात औषध जाणार आहे का? तिन्हींना 'नाही' असेल तर पार्लरला जा, निवांत जा. क्लीनअप, फेशिअल, ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, साधा मसाज हे सगळं ब्युटिशियनचं काम आणि त्या ते डॉक्टरपेक्षा चांगलं करतात.

एकालाही 'हो' असेल तर ते वैद्यकीय काम समजा. बोटॉक्स (सुरकुत्यांसाठी स्नायू सैल करणारं इंजेक्शन), फिलर (त्वचेखाली भरायचं जेल), थ्रेड लिफ्ट (त्वचेखालून धागे ओढणं), पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेला द्रव टोचणं), मेसोथेरपी (त्वचेत औषधाची बारीक इंजेक्शनं), रक्त दिसेपर्यंत चालणारं मायक्रोनीडलिंग, जास्त तीव्रतेचे केमिकल पील, लेझर आणि शिरेतून दिलं जाणारं कुठलंही 'ग्लो ड्रिप' यात येतं. लेझरबद्दल लोक हमखास म्हणतात, 'त्यात काय, केस तर काढायचे आहेत.' आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं आणि लेझरचा प्रकाश तेच शोषतो. सेटिंग चुकलं तर केस राहतात बाजूला आणि हनुवटीवर काळे चट्टे येतात, ते जायला महिनोन् महिने लागतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा न घालता कुणी लेझर सुरू केला तर उठून बाहेर या, बाकीचं तपासायची गरज नाही.

ड्रिपचंही इथेच सांगून टाकतो. त्वचा उजळवण्यासाठी शिरेतून ग्लुटाथिओन देण्याला भारतात मान्यता नाही. ते कोण देतंय हा प्रश्न त्यानंतरचा. गोरं होण्याच्या हौसेपायी आपण किती पैसे आणि किती शिरा खर्च करतो यावर वेगळं लिहावं लागेल.

पायरी २: बोर्डावरच्या पदव्या वाचा

सगळी गफलत इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

नावामागे 'डॉ.' असणं हा पुरावा नाही. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपिस्ट, पीएचडी, सगळेच 'डॉ.' लावतात. पुढची अक्षरं बघा. त्वचारोगाचं पूर्ण शिक्षण असलेल्यांच्या नावापुढे एमडी, डीएनबी किंवा पदविका असते आणि शेजारी 'त्वचा व गुप्तरोग', 'डर्मेटॉलॉजी' किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल अशी अक्षरं दिसतात. प्लास्टिक सर्जनकडे एमसीएच किंवा डीएनबी असते. बोटॉक्स-फिलर-लेझरसाठी हे दोन पहिल्या पसंतीचे.

नुसतं एमबीबीएस असेल तर? तो नोंदणीकृत डॉक्टर आहे, बोगस नाही. प्रश्न प्रशिक्षणाचा उरतो आणि तो सरळ विचारावा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्यविषयक प्रक्रिया आणि हेअर ट्रान्सप्लान्टबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की वर्कशॉपला हजेरी लावणं किंवा यूट्यूब बघणं हे असल्या प्रक्रिया सुरू करण्यापुरतं प्रशिक्षण नव्हे. ज्या आयोगाला हे लिहून काढावं लागलं, त्याने काय काय पाहिलं असेल याचा अंदाज करा.

बीडीएस, म्हणजे दातांचे डॉक्टर. यातले तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) केलेले तज्ज्ञ चेहऱ्याच्या सौंदर्यप्रक्रियांवर हक्क सांगतात, दंत परिषदेनेही त्यांची बाजू घेतली आहे आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनांना ते मान्य नाही. हा वाद चालू राहील. आपल्यापुरतं इतकंच, की एमडीएस तोंड-जबडा सर्जन आणि साधे बीडीएस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि बोर्डावर तो ठळक लिहिलेला नसतो. कानपूरमध्ये हेअर ट्रान्सप्लान्टनंतरच्या मृत्यूंची प्रकरणं २०२५ मध्ये उघडकीस आली, तेव्हा आरोपी डॉक्टरकडे दंतवैद्यकाची पदवी होती.

बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) हे आपापल्या शास्त्राचे रीतसर डॉक्टर. त्यांच्या नोंदणीच्या परिषदाही वेगळ्या. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्रात सीसीएमपी नावाचा एका वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. तो केलेल्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये डॉक्टरांचा संपही झाला. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ती घ्या, पण सीसीएमपीत चेहऱ्याच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा आणि फिलरची सुई शिकवत नाहीत. मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, पूनम वर्मा खटल्यात, आपल्या शास्त्राबाहेरची औषधं देणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरला निष्काळजीपणासाठी जबाबदार धरलं होतं.

राहिली भिंतीवरची सर्टिफिकेटं. 'पीजी डिप्लोमा इन क्लिनिकल कॉस्मेटॉलॉजी', 'फेलोशिप इन एस्थेटिक मेडिसिन', परदेशी विद्यापीठाचं नाव, सोनेरी शिक्का. ही सगळी खोटी असतात असं नाही. चांगल्या डॉक्टरांनीही असे कोर्स केलेले असतात. पण मूळ पदवी नसेल तर वरच्या फेलोशिपला अर्थ नाही. म्हणून भिंतीवर बघताना सगळ्यात जुनं सर्टिफिकेट शोधा. चौकटीतल्या आठ कागदांत एमबीबीएसचा कागदच नसेल तर बाकी सातांचं कौतुक करू नका.

पायरी ३: नोंदणी क्रमांक घ्या आणि घरी बसून तपासा

डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो. प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर आणि पैशाच्या पावतीवरही छापायचा असतो. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत हे आहे. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण काही दिवसांतच स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच लागू आहेत. तेव्हा क्रमांक विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे, तुमचा हक्क आहे. संकोच वाटत असेल तर काउंटरवर म्हणा, 'इन्शुरन्सच्या फॉर्मला लागतो.' कुणी नाही म्हणत नाही.

मग महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या म्हणजे एमएमसीच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून शोधा. नव्या नोंदण्यांचा क्रमांक वर्ष, महिना आणि मग आकडा असा तिरप्या रेघांनी जोडलेला असतो, जुन्या डॉक्टरांचा नुसता आकडा. चार गोष्टी जुळवून बघा. नाव तेच आहे ना? लग्नानंतर बदललेलं आडनाव हे फरकाचं प्रामाणिक कारण असू शकतं, तेवढं धरून चाला. पदव्युत्तर पदवी नोंदलेली आहे ना? बोर्डावर 'एमडी' आणि नोंदवहीत फक्त एमबीबीएस असेल तर विचारा. नूतनीकरण झालंय ना? एमएमसीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. आणि नोंदणी दुसऱ्या राज्याची असेल तर राष्ट्रीय आयोगाच्या नोंदवहीत बघा, पण महाराष्ट्रात नियमित प्रॅक्टिस करणाऱ्याची नोंद इथे का नाही, हेही विचारा. एमएमसीने अलीकडे डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही सुरू केलाय. दवाखान्यात तो लावलेला असेल तर फोनने स्कॅन केला की माहिती समोर येते. फक्त पान परिषदेचंच उघडलंय ना, ते वर पत्त्याच्या पट्टीत पाहा.

आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या राज्य परिषदा वेगळ्या आहेत. एमएमसीत नाव सापडलं नाही म्हणजे माणूस बोगसच असं लगेच ठरवू नका, पण मग तो पायरी १ मधल्या कामाला हात का घालतोय हा प्रश्न उभा राहतो.

पायरी ४: सुई नक्की कोण धरणार?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. बोर्डावरचं नाव अस्सल, नोंदणी अस्सल, पदवी अस्सल, आणि टोचायला येते वेगळीच व्यक्ती. साखळीतल्या क्लिनिकांत तर हे नेहमीचं. फोनवरचं बोलणं साधारण असं होतं:

'मॅडम, डॉक्टर आहेतच ना आमच्याकडे. कन्सल्टेशन तेच करतात.'

'आणि प्रोसिजर?'

'प्रोसिजर आमच्या सिनिअर थेरपिस्ट करतात मॅडम. खूप एक्सपिरियन्स्ड आहेत, दहा वर्षं झाली.'

'डॉक्टर त्या वेळी आत असतात का?'

'सर शनिवारी येतात मॅडम. पण फोनवर अव्हेलेबल असतात.'

शेवटचं वाक्य ऐकलं की समजून जायचं. 'व्हिजिटिंग डॉक्टर' म्हणजे पुष्कळदा फक्त बोर्डावरचं नाव. प्रशिक्षित सहायकाने डॉक्टरच्या देखरेखीखाली लेझरचा हँडपीस चालवणं ही गोष्ट मी एक वेळ समजू शकतो, डॉक्टर त्याच मजल्यावर असेल आणि सेटिंग त्याने ठरवलेलं असेल तर. इंजेक्शनच्या बाबतीत मात्र अशी सूट देऊ नका. अपॉइंटमेंट घेताना व्हॉट्सअॅपवर एक ओळ लिहून मागा: 'फिलर अमुक डॉक्टर स्वतः देतील.' उत्तर लेखी आलं तर पुढे तक्रार करायची वेळ आल्यास तोच पहिला कागद.

पायरी ५: जागेचे कागद

काउंटरमागे लावलेला गुमास्ता परवाना दाखवून 'आमचं सगळं रजिस्टर्ड आहे' म्हणतात. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याची नोंद. ती किराणा दुकानालाही असते, तिचा वैद्यकीय परवान्याशी संबंध नाही. महापालिका नोंदणी देते ती १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली, म्हणजे जिथे रुग्ण दाखल करून ठेवतात अशा ठिकाणांना. खाट नसलेला साधा दवाखाना त्यात येत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. थोडक्यात, रस्त्याकडेच्या स्किन क्लिनिकची जागा म्हणून तपासणी करणारं कुणी जवळजवळ नाहीच.

एक कागद मात्र हमखास मागण्यासारखा आहे. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे सुया, रक्त लागलेला कापूस निर्माण करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, मग खाट असो वा नसो. कागद मागायला अवघड वाटलं तर प्रोसिजर रूममध्ये कोपऱ्यात नजर टाका. पिवळी पिशवी, लाल पिशवी आणि सुयांसाठी पांढरा, न फुटणारा डबा दिसायला हवा. वापरलेली सुई टोपण लावून साध्या कचऱ्याच्या बादलीत पडताना दिसली, तर तिथे वैद्यकीय काम रीतसर चालत नाही हे कुणी वेगळं सांगायला नको.

पीआरपीच्या बाबतीत हे फार गांभीर्याने घ्या. आपलंच रक्त असतं, मग काय होणार, असं वाटतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये 'व्हॅम्पायर फेशिअल', म्हणजे चेहऱ्यावर पीआरपी, घेतलेल्या तीन स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचा अहवाल तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरल्या जात होत्या आणि रक्ताच्या ट्यूबांवर नावंही नव्हती. तेव्हा तुमच्या ट्यूबवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहिलं जातंय ना, ते पाहा.

पायरी ६: बाटली हातात घेऊन बघा

बोटॉक्सची नवी बाटली पहिल्यांदा बघणाऱ्याला रिकामीच वाटते. तळाशी पांढुरका, जेमतेम दिसेल असा थर असतो, बस्स. ती पावडर. त्यात सलाइन मिसळून औषध तयार करतात. न मिसळलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायची असते आणि मिसळल्यावर कंपनीच्या सूचनेनुसार २४ तासांत वापरायची असते. आता गणित करा. बाटली ५० किंवा १०० युनिटची आणि दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी कंपनीने सांगितलेली मात्रा २० युनिट. मग उरलेलं औषध कुठे जातं? 'आज बोटॉक्स डे, अर्ध्या दरात' ही ऑफर त्यातूनच येते. एका दिवशी चार-पाच जणांना बोलावून बाटली संपवणं हे निदान शिळं औषध टोचण्यापेक्षा बरं, पण दुसऱ्या टोकाला जास्त सलाइन घालून तेच औषध 'पुरवून' वापरणंही चालतं. सिरिंजमध्ये आधीच भरून आणलेलं, बाटली न दाखवलेलं औषध नको. माझ्यासमोर बाटली काढा, ब्रँड, बॅच, मुदत दाखवा आणि किती युनिट दिले ते कागदावर लिहा, इतकं म्हणा. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्या ब्रँडच्या युनिटाएवढं नसतं, म्हणून नुसत्या 'प्रति युनिट' दरावरून दोन क्लिनिकांची तुलना करू नका.

फिलर कंपनीनेच भरलेल्या सिरिंजमध्ये, सीलबंद पाकिटात येतं. पाकिटात बॅच क्रमांकाचे चिकटवायचे स्टिकर असतात. एक फाइलला लावायचा, एक तुम्हाला द्यायचा. तो मागून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर त्याला पहिला प्रश्न पडतो, 'आत नेमकं काय भरलंय?' खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात परवाना क्रमांक हवा. नुसतीच कोरियन अक्षरं असलेलं खोकं, 'थेट तिकडून मागवलंय' म्हणून कौतुकाने दाखवलं, तर ते खोकं कस्टम्समधून कुठल्या वाटेने आलं असेल याचा विचार करा.

पायरी ७: 'काही झालं तर काय कराल?' हे आधी विचारा

फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा पांढरी पडते, मग जाळीसारखी जांभळट दिसते, दुखतं. कपाळाचा मध्य आणि नाक या सर्वांत धोक्याच्या जागा, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या आहेत आणि दृष्टी गेल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेली आहेत. हायल्युरोनिक अॅसिडचं फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज नावाचं औषध असतं. 'ते आत्ता तुमच्याकडे आहे का? दाखवता का?' हा एकच प्रश्न चांगलं क्लिनिक आणि दिखाऊ क्लिनिक वेगळं करतो. चांगला डॉक्टर उठून फ्रिज उघडतो. दिखाऊ माणूस म्हणतो, 'आमच्याकडे असं कधी होतच नाही.'

ट्रीटमेंटआधी संमतीपत्रावर सही घेतली जाईल. ते वाचा, मराठीत नसेल तर समजावून घ्या, प्रत घ्या. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही नको. गर्भवती असाल, बाळाला दूध पाजत असाल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, ओठांभोवती वारंवार हर्पीसचे फोड येत असतील तर आधी सांगा. हे डॉक्टरने विचारायला हवं, आणि विचारलं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

पैशांचं थोडक्यात. सहा किंवा बारा सिटिंगचं पॅकेज पहिल्या दिवशी, 'ऑफर आजच संपते' म्हणून, ईएमआयवर घेऊ नका. एक सिटिंग करा, त्वचा कशी वागते ते बघा. बिल पक्कं घ्या आणि त्यावर 'स्किन सर्व्हिसेस' असं मोघम न लिहिता प्रक्रियेचं नाव लिहून घ्या.

बिघडलंच तर

टोचल्यावर दिसेनासं झालं, एका डोळ्यात अंधारी आली किंवा त्वचा पांढरी पडली तर क्लिनिकच्या रिसेप्शनशी वाद घालत बसू नका. डोळ्याच्या बाबतीत हाताशी तास-दीड तास असतो, तोही पुरेल याची खात्री नाही. डोळ्यांचा विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा आणि काय टोचलं तो स्टिकर दाखवा. नंतर उठलेले चट्टे, गाठी, भाजल्याचे डाग यांसाठी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा नेरुळच्या डी. वाय. पाटीलमध्ये त्वचा विभागाच्या ओपीडीत दाखवून केसपेपर करून घ्या. तो केसपेपर म्हणजे त्रयस्थ डॉक्टरने केलेली नोंद आणि तक्रारीत तिचं वजन सगळ्यांत जास्त.

मग कागद गोळा करा. उपचाराच्या नोंदी लेखी मागा. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. फोटो रोज एकाच उजेडात काढा.

तक्रार कुठे करायची, यात लोक चुकीच्या खिडकीवर महिने घालवतात. टोचणारा नोंदणीकृत डॉक्टर असेल तर एमएमसीकडे. नोंदणीच नसेल तर एमएमसी फारसं काही करू शकत नाही, कारण ज्याचं नाव वहीत नाही ते काढणार कसं? तिथे महापालिकेचा आरोग्य विभाग आणि पोलीस ठाणं. प्रत्येक महापालिकेत आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली बोगस डॉक्टर शोध समिती असते, अर्ज तिच्या नावे द्या आणि पोच घ्या. औषध किंवा फिलर बनावट वाटलं तर अन्न व औषध प्रशासन, टोल फ्री १८०० २२२ ३६५. औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो १८०० १८० ३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर कळवता येतो. हे कुणाविरुद्ध तक्रार नसून नोंद असते, पण करावी.

हद्दीचा घोळ आपल्या भागात खास. दिघा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका. खारघर, कामोठे, कळंबोली पत्त्यात 'नवी मुंबई' लिहीत असले तरी पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतात, पोलीस आयुक्तालय मात्र नवी मुंबईचंच. घोडबंदर रोडवर गायमुखच्या पुढे गेलात तर ठाणे महापालिका संपते.

पैसे आणि भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून टाकलं आहे. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करायची, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन करता येते, वकील बंधनकारक नाही आणि तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. २०१९ च्या कायद्याची एक सोय फार उपयोगाची आहे. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगातही दाद मागता येते. म्हणजे मुलुंडच्या सासरहून खारघरच्या क्लिनिकविरुद्ध अलिबागला खेपा घालायची गरज नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, पॅकेजचे उरलेले पैसे परत मिळण्याइतपत प्रश्न असेल तर तेवढ्यावरही काम होतं.

पार्लर चालवणाऱ्या ताईंसाठी

तुमच्याकडे येणाऱ्या बाया बोटॉक्सबद्दल विचारतात आणि त्याच आठवड्यात कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमधल्या 'दोन दिवसांत बोटॉक्स-फिलर सर्टिफिकेशन'ची जाहिरात तुमच्या व्हॉट्सअॅपवर येते. फी भरण्याआधी हे वाचा. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड, ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलची ब्युटी थेरपिस्टची प्रमाणपत्रं, सिडेस्कोसारखे आंतरराष्ट्रीय डिप्लोमा, हे सगळे खऱ्या कामाचे आहेत. त्यातून त्वचेचं, स्वच्छतेचं, यंत्रांचं चांगलं ज्ञान मिळतं आणि दरही वाढवता येतो. यातला एकही कागद इंजेक्शन द्यायचा अधिकार देत नाही. हॉटेलातलं सर्टिफिकेट तर नाहीच नाही. उलट, वैद्यकीय पदवी नसलेल्या व्यक्तीला आधुनिक वैद्यकातल्या प्रावीण्याचं सर्टिफिकेट देणं हा देणाऱ्या डॉक्टरचाच नियमभंग ठरतो, असं २००२ च्या नियमांत लिहिलेलं आहे. धाड पडते तेव्हा तो डॉक्टर दुसऱ्या शहरात असतो आणि कलम ३३ तुमच्या नावावर लागतं.

गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर जवळच्या नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञाशी बोलून ठेवा, गिऱ्हाईक त्यांच्या दवाखान्यात पाठवा, बिल तिथलं वेगळं होऊ द्या आणि नंतरची त्वचेची निगा तुमच्याकडे घ्या. आपल्या पार्लरच्या मागच्या खोलीत डॉक्टरला बसवायची कल्पना सोडून द्या. पाठवण्याबद्दल कमिशनही मागू नका, ते देणं डॉक्टरला नियमाने मना आहे. एखादा स्वतःहून देऊ करत असेल तर त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक पुन्हा एकदा तपासा.